जुनाट दुखणं: आधारगटात जाऊन फरक पडतो का?

कंबर_कसलेली:
मी शिक्षिका आहे. कंबरदुखीला दोन वर्षं उलटून गेली. दुखणं मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, माझं मुक्कामालाच आलंय. एमआरआयमध्ये वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. नव्या डॉक्टरांनी फिजिओथेरपीसोबत समुपदेशकाची भेट लिहून दिली आणि रुग्णांच्या आधारगटाचा कागदही हातात ठेवला.

समुपदेशक कशाला? म्हणजे मी दुखण्याचं सोंग करतेय का? आणि आधीच स्वतःचं कण्हणं ऐकून विटलेय, त्यात आणखी दहा जणांचं ऐकून काय साधणार? जाणाऱ्यांनी खरं सांगा. गोडगोड नको.

उनाड_पाखरू:
जा. नाही पटलं तर उठून या, कोणी बांधून ठेवत नाही.

सांजवारा:
ताई, मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर जुनाट दुखणं आणि थकवा. गटात बरीच वर्षं जाते, आता चालवायलाही मदत करते.

आधी सोंगाचं. दुखण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यात स्पष्ट म्हटलंय की वेदनेवर शरीराचा, मनाचा आणि सामाजिक परिस्थितीचा कमीजास्त परिणाम होतो, आणि माणूस ‘दुखतंय’ म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान ठेवावा. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की अनेकांच्या मज्जासंस्थेचीच संवेदनशीलता वाढते. मग साधा स्पर्शही बोचतो, एमआरआय मात्र स्वच्छ. झोप उडाली, घरात ताण असला की ती आणखी वाढते. समुपदेशक तिथे कामाला येतो. मी गेले ते झोपेसाठी, आणि तेवढ्याने दिवस बराच सुसह्य झाला. दुखणं गेलं नाही, हेही सांगते.

आता गट. आमच्याकडे ‘किती दुखतंय’ हे कोणी विचारत नाही. विचारतात, ‘या आठवड्यात काय करणार?’ ही पद्धत आमची नाही, स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी बांधलेल्या कार्यक्रमातली आहे. सहा आठवडे, आठवड्याला एकदा अडीच तास. चालवणारे दोघे, त्यातला निदान एक स्वतः जुनाट आजार घेऊन जगणारा. प्रत्येकाने छोटा बेत सांगायचा आणि तो पार पडेल याची खात्री 0 ते 10 मध्ये किती, तेही. सातच्या खाली आकडा आला तर बेत लहान करायचा. ‘रोज चालणार’ म्हणणारी बाई ‘आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं’वर येते, आणि मग खरंच चालते.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते कामाचं माप. बरं वाटलं की मी कपाटं, धुणं, पाहुणे सगळं एका दिवसात उरकायचे आणि पुढचे दिवस अंथरुणात. गटातल्या एका काकांनी सांगितलं, दुखायला लागल्यावर थांबू नकोस, घड्याळ लावून आधीच थांब. तुम्हाला फळ्यासमोर वीस मिनिटं उभं राहता येत असेल, तर पंधराव्या मिनिटाला बसा, बरं वाटत असलं तरी! वह्यांचा गठ्ठाही एका बैठकीत संपवायचा नाही. हेच डॉक्टरांनीही मला सांगितलं होतं, पण काकांचं ऐकलं, कारण ते स्वतः बोलता बोलता मधेच उठून उभे राहिले होते आणि कोणी मान वर करूनही पाहिलं नाही.

तिरकस:
वरचा गट चांगला दिसतोय. मी ज्यात होतो तिथे दर वेळी कोणाचं दुखणं मोठं याची स्पर्धा. एक गृहस्थ सगळ्यांना गोळ्या बंद करायला सांगायचे, तेल विकायचे ते वेगळंच. खुर्च्या गोल मांडल्या की आधारगट होत नाही. पहिल्या दिवशी एवढंच बघा: बोलायची पाळी सगळ्यांना मिळते का, आणि औषधांवर सल्ला देणाऱ्याला कोणी अडवतं का. मी चार माणसांचा छोटा गट धरलाय, फोनवरच. तेवढं पुरतं.

मणका_मित्र:
फिजिओ आहे म्हणून एक जोड. गट, समुपदेशन सगळं चालू ठेवा, पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर गटाच्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी तातडीने डॉक्टर गाठा. कारण नसताना वजन घटलं, ताप येत राहिला तरी दाखवा. एरवी जुनी कंबरदुखी हालचालीने बिघडते ही भीतीच जास्त नुकसान करते. बेल्ट बांधून दिवसचे दिवस पडून राहू नका. आणि सुरुवातीला व्यायामानंतर थोडं जास्त दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही.

कंबर_कसलेली:
सगळ्यांचे आभार. तिरकस, तेलवाले गृहस्थ आमच्या नात्यातही आहेत. 🙂 सांजवारा ताई, पंधरा मिनिटांचं पटलं, पण सातवीच्या वर्गात मधेच खुर्चीत बसले की मुलं हमखास विचारतात, ‘बाई, बरं नाही का?’ तिथे काय सांगायचं?

सांजवारा:
‘कंबर दुखते, म्हणून बसून शिकवतेय’ एवढंच. पहिल्या आठवड्यात विचारतील, मग त्यांचं लक्षही जाणार नाही. मोठ्यांना समजावणं जड जातं. मुख्याध्यापकांशी काय बोलायचं ते आम्ही गटात आधी बोलून बघतो. तुम्हीही तिथे हा प्रश्न काढा.