Re: जुन्या युनिव्हर्सल रिमोटचं सॉफ्टवेअर कुठे मिळेल?

वर कुणीतरी 'सरळ नवा रिमोट घ्या' म्हणालंय, पण तुमचा टीएसयू२००० (फिलिप्सचा प्रोंटो मालिकेतला युनिव्हर्सल रिमोट) चालू असेल तर टाकू नका. फिलिप्सने प्रोंटोचा धंदा २०१० मध्येच गुंडाळला, त्यामुळे कंपनीच्या साइटवर शोधण्यात वेळ घालवू नका. जुनं डाउनलोड पान वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) उघडून बघा.

फाइल उतरवण्याआधी एक गोष्ट नीट बघा, इथेच बहुतेकांची गाडी अडते. प्रोंटोएडिट आणि प्रोंटोएडिट एनजी ही रिमोटची मांडणी कॉम्प्युटरवर बदलायची दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. तुमच्या मॉडेलला पहिलं लागतं, त्याची फाइल (जिच्यात रिमोटची मांडणी आणि कोड असतात) सीसीएफ. एनजी हे टीएसयू३००० वगैरे नंतरच्या मॉडेलांसाठी, त्याची पीसीएफ. एकाची फाइल दुसऱ्या जातीच्या रिमोटमध्ये जात नाही.

आता केबल. तुमच्या रिमोटला सिरियल पोर्ट लागतो, जो आजच्या लॅपटॉपला नसतो. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्या, शक्यतो एफटीडीआय कंपनीच्या चिपवाला. स्वस्तातल्या कन्व्हर्टरने माझे दोन रविवार खाल्ले, दर वेळी ट्रान्सफर मध्येच बंद! विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा (म्हणजे त्या सिरियल पोर्टचा) नंबर मोठा आला असेल तर तो १ ते ४ मध्ये आणा. नव्या विंडोजवर सॉफ्टवेअर रुसलं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) जुनं विंडोज एक्सपी टाका.

आणि हो, काहीही नवं चढवण्याआधी रिमोटमधली आहे ती सीसीएफ आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. दुसऱ्या रिमोटांवरून शिकवलेले सगळे कोड त्यातच आहेत.