खासदारांची दहा मिनिटं मिळालीयेत, स्पेस इंडस्ट्रीबद्दल काय सांगू?

लेथवाला_पुणे:
नमस्कार मंडळी. पुण्याजवळ एका छोट्या शॉपमध्ये कामाला आहे, आम्ही रॉकेटला लागणारे पार्ट्स मशीनिंग करून देतो (कुणाला ते विचारू नका, एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार आहे). ओळखीतून आमच्या खासदार साहेबांची पुढच्या महिन्यात वेळ मिळालीये. माझा मुद्दा असा की स्पेस अ‍ॅक्टिव्हिटीज बिलाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता, मग २०२० ला इन-स्पेस (खाजगी कंपन्यांना अंतराळातल्या कामाची परवानगी देणारी सरकारी संस्था) आलं, २०२३ ला स्पेस पॉलिसी आली, २०२४ ला एफडीआय म्हणजे परदेशी गुंतवणूक मोकळी केली, सगळं झालं पण कायदा काही संसदेत आला नाही. चांद्रयान-३ नंतर लोकसभेत चर्चा झाली ती यूट्यूबवर बघितली, अभिनंदनाची भाषणं जास्त. आता दहा मिनिटांत हे त्यांच्या डोक्यात कसं उतरवायचं? चांगली २५ स्लाइडची पीपीटी बनवलीये.

माजी_लॅम्प:
पीपीटी घरी ठेवा 🙏 मी एका खासदारांकडे लॅम्प फेलो होतो (पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची फेलोशिप, खासदाराला संसदेच्या कामात मदत करायची). आपल्याकडे खासदाराच्या हाताखाली रिसर्च करणारी टीम वगैरे नसते हो, एक पीए असतो आणि तो रेल्वेच्या कोट्यापासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळं बघतो. म्हणून एकच पान न्या, मराठीत, आणि त्यात मागणी एकच. "अंतराळ क्षेत्राकडे लक्ष द्यावे" ही मागणी नाही, त्यावर साहेब "नक्की बघू" म्हणणार, फोटो निघणार, विषय संपला. त्याऐवजी प्रश्नच लिहून न्या: मसुदा आता कोणत्या टप्प्यावर आहे, कोणत्या मंत्रालयांशी चर्चा बाकी आहे, संसदेत कधी मांडणार. अतारांकित प्रश्न टाकला तर लेखी उत्तर येतं आणि ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. तारांकित लागला आणि सभागृहात पुकारला गेला तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर पुरवणी प्रश्न विचारता येतात, पण तिथे नंबर लागणं नशिबाचा भाग. नोटीस किमान १५ दिवस आधी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

आणि हो, साहेब विज्ञान-तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीवर आहेत का ते बघून जा. अंतराळ खात्याच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे बजेट) तिथेच तपासल्या जातात.

कांदेबटाटे:
सगळं ठीक आहे पण खासदाराला रॉकेटवर मतं मिळतात का? आमच्याकडे कांद्याचा भाव, पाणी आणि बिबट्या, एवढ्या तीनच विषयांवर माणसं भेटायला येतात.

माजी_लॅम्प:
@कांदेबटाटे मग कांद्यावरूनच सुरू करा की! कृषी खात्याचा चमन म्हणून कार्यक्रम आहे २०१४ पासून, त्यात कांद्याच्या लागवडीचा अंदाज सॅटेलाइटवरून घेतात. निर्यातबंदीवरून भांडणाऱ्या खासदाराला हा आकडा कुठून येतो आणि किती बरोबर असतो यात शंभर टक्के रस असतो.

काळा_कोट:
कायदा का लागतो हे साहेबांना दोन वाक्यांत सांगा. १९७२ च्या लायबिलिटी करारानुसार भारतातून उडालेल्या रॉकेटचा तुकडा दुसऱ्या देशात पडून नुकसान झालं तर भरपाईसाठी भारत सरकारला धरतात, मग ते रॉकेट खाजगी कंपनीचं का असेना. आता सरकारने ते पैसे कंपनीकडून किती वसूल करायचे, विमा किती, कमाल मर्यादा काय, हे ठरवणारा संसदेचा कायदा आपल्याकडे नाही. सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडात पडला होता १९७८ ला, शेवटी ३० लाख कॅनेडियन डॉलर मोजावे लागले. अमेरिकेत कंपनीने तिसऱ्या पक्षासाठी (ज्यांचा त्या उड्डाणाशी संबंध नाही अशांच्या नुकसानीसाठी) जास्तीत जास्त ५० कोटी डॉलरपर्यंत विमा काढायचा, त्यापुढचं काही मर्यादेपर्यंत सरकार बघतं, तेही तिथल्या काँग्रेसने म्हणजे संसदेने पैसे मंजूर केले तर. गुंतवणूकदार हेच विचारतो आणि आपले स्टार्टअपवाले गप्प. शिवाय इन-स्पेसच परवानग्या देतं पण त्याला स्वतःला कायद्याचा आधार नाही, पॉलिसी काय, उद्या मंत्रिमंडळ बदलू शकतं.

कोथरूड_ते_मेरीलँड:
इकडे अमेरिकेत प्लॅनेटरी सोसायटी (अंतराळ संशोधनाच्या बाजूने काम करणारी सभासदांची संस्था) हिचा डे ऑफ अ‍ॅक्शन असतो, साधे सभासद वॉशिंग्टनला जाऊन आपापल्या सिनेटर-काँग्रेसमनच्या ऑफिसात बसतात. मी गेलोय. नव्वद टक्के वेळा समोर पंचविशीतला स्टाफर असतो आणि त्याला आधी कळायला हवं असतं की तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता का. बुध-शुक्र-गुरू नंतर. २०२५ ला व्हाइट हाउसने नासाच्या सायन्सचं बजेट जवळपास निम्म्यावर आणायचं म्हटलं होतं, तेव्हा लोकांनी या ऑफिसांमध्ये रांगा लावल्या आणि काँग्रेसने ती कपात काही मान्य केली नाही. सगळं श्रेय लोकांचं असं मी म्हणणार नाही, ज्या राज्यांत नासाची सेंटर्स आहेत तिथल्या खासदारांना आपापल्या नोकऱ्या दिसत होत्या. तुम्हीपण तेच दाखवा, वालचंदनगर, विक्रोळीचं गोदरेज, तुमच्यासारखी शॉप्स, इथे इस्रोचं काम कित्येक वर्षं होतंय हे बऱ्याच पुढाऱ्यांना माहीतच नसतं.

लेथवाला_पुणे:
भारी! पीपीटी कॅन्सल. एक पान, एक प्रश्न, आणि आमच्या तालुक्यात हे काम करणारी किती शॉप्स आहेत, किती पोरं लागलीयेत ते विचारून लिहितो. लेटरहेड कंपनीचंच वापरू ना?

काळा_कोट:
मालकांना विचारलंय का? एनडीए आहे म्हणालात. साध्या कागदावर, मतदार म्हणून, घरचा पत्ता घालून द्या. आणि पोच घ्या पीएकडून, शिक्का मारून.