शब्दचर्चा: 'व्हॅल्यू काँट्रॅक्ट'ला मराठीत काय म्हणाल?

मी कॅनडातल्या मराठी मित्रमंडळींसाठी एनएचएलवर (म्हणजे बर्फावरची हॉकी, आपली गवतावरची नव्हे) थोडंफार लिहितो आणि दरवेळी याच शब्दाशी अडतो. कोणत्या खेळाडूचा करार सगळ्यात 'व्हॅल्यू'चा, म्हणजे पगाराच्या मानाने टीमला जास्त खेळ देणारा, हे लिहायचं असतं, आधी 'स्वस्त' लिहून पाहिलं पण वर्षाला ६३ लाख डॉलरला स्वस्त म्हणताना जीभच रेटत नाही. 'किफायतशीर' चालेल का?

— किफायतशीर नको. त्यात काटकसरीचा वास आहे, दोन पैसे वाचवले असा. इथे पैसे वाचवून उपयोग काय, २००५ पासून प्रत्येक टीमला सगळ्या खेळाडूंच्या मिळून पगाराची वरची मर्यादा आहे, २०२५-२६ ला ती ९ कोटी ५५ लाख डॉलर. एकावर कमी गेले की तेवढेच दुसऱ्यावर खर्च करता येतात, खरा फायदा तो. मेथीची जुडी घेताना बघा, भाव सगळीकडे सारखाच असला तरी आई जुडी उलटी करून देठ बघते, कारण निवडल्यावर पातेल्यात किती पडणार ते महत्त्वाचं. म्हणून मी 'पदरात पडणं' म्हणेन, किमतीच्या मानाने पदरात काय पडलं.

— 'मोलाचा करार' का नाही? किंमत वेगळी, मोल वेगळं.

— इतकं सरळ नाहीये ते. मोल मूल्यवरूनच आलंय पण मोलकरीण, मोलमजुरी यात ते चक्क पैशाचंच आहे, कवडीमोल म्हटलं की किंमत आणि अनमोल म्हटलं की लायकी. शिवाय मोलाचा म्हटलं की करार महत्त्वाचा एवढंच कळतं, टीमला फायद्यात मिळाला हे कळत नाही.

— मग सरळ 'पैसा वसूल' म्हणा की.

— मला पटतं, पण पैसा वसूल आपण खेळ संपल्यावर म्हणतो, सही करताना नाही. नेथन मॅकिननचंच घ्या. त्याच्या टीमने, कोलोरॅडोने, २०१६ साली सात वर्षांसाठी वर्षाला ६३ लाखांवर सही घेतली आणि पहिल्याच सीझनला त्याचे गोल-असिस्ट मिळून ५३ पॉइंट्स, टीम लीगमध्ये शेवटची. तेव्हा कोण म्हणालं असतं पैसा वसूल? पुढच्या वर्षी ९७, आणि २०२२ ला स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद), पगार तोच ६३ लाख. नवा करार झाला तो बरोब्बर दुप्पट, १ कोटी २६ लाखांचा. २०२४ ला तो १४० पॉइंट्स करून हार्ट ट्रॉफी (सीझनच्या सर्वात मोलाच्या खेळाडूची) घेऊन गेला तरी पहिल्या कराराची मजा याला नाही असं माझं ठाम मत, कारण आता त्याची किंमत सगळ्यांना कळलेली होती. अशा पहिल्या कराराला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, 'पथ्यावर पडला'. आणि उलटं झालं तर 'अंगलट आला'.

— वा, पथ्यावर पडला आवडलं! लिऑन ड्रायसाइटललाही लागू पडतं, २०१७ ला त्याच्या एडमंटन टीमने वर्षाला ८५ लाख दिले तेव्हा बऱ्याच जणांना फार वाटले होते, २०२० ला तोच हार्ट ट्रॉफी घेऊन उभा.

— (मूळ प्रश्नकर्ता) दोघांना चालेल, पण पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉसबीला नाही चालत ना. जर्सीचा नंबर ८७, पगार वर्षाला सरासरी ८७ लाख, २००८ पासून तोच, आणि २०२४ ला नवीन सही केली तीही ८७ लाखांवरच. त्याचं मोल काय हे पिट्सबर्गला चांगलं ठाऊक होतं, पथ्यावर पडायला तो काही योगायोग नव्हता. तो स्वतःच जास्त मागू शकत असताना थांबला.

— त्याला 'पदरमोड' म्हणा. पूर्वी पैसे पदराला गाठ मारून ठेवायचे, ती गाठ सोडून दुसऱ्यासाठी खर्च करायचा ती पदरमोड. खेळाडूने केली तर पदरमोड आणि टीमच्या पदरात पडलं, पदर एकच बघा.