काकांच्या नावाचं दुसरंच फेसबुक खातं

प्रश्न (इंदूर): फोटो काकांचाच, खातं भलत्याचं. मेसेंजरवर म्हणे, "मित्र सीआरपीएफमध्ये, बदली झालीय, फर्निचर स्वस्तात देतोय." मंडळातल्या एकांनी यूपीआयने पैसे धाडलेसुद्धा. आता?

– आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा! पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रक्कम गोठवता येते. १२ आकडी यूटीआर नंबर (यूपीआय व्यवहाराचा क्रमांक) हाताशी असू द्या.

– फेसबुकला रिपोर्ट करायच्या आधी प्रोफाइलची लिंक कॉपी करा. भामटा नाव, फोटो बदलतो, खात्याच्या आयडीचा आकडा तोच राहतो. नुसता स्क्रीनशॉट पोलिसांना पुरत नाही. काकांना खातं दिसतच नसेल तर भामट्याने त्यांना ब्लॉक केलं असेल. दुसऱ्याच्या फोनवरून तीन टिंबं दाबून रिपोर्ट करा.

– आणि काकांची फ्रेंडलिस्ट लपवा हो. भामट्यांना गिऱ्हाइकं तिथूनच मिळतात.