शुद्ध रक्ताच्या हट्टापायी असील संपतोय का?

गोराईकर
असील ही आपल्याकडची झुंजार कोंबड्यांची जात. मुंबईत ती पाळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्याकडे कित्येक वर्षांत बाहेरचं रक्त आलेलं नाही." सांगणारा छाती फुगवून सांगतो. मला उलट वाटतं. खुराड्यात मोजके पक्षी आणि बाहेरचा नर कधीच नाही, अशा ठिकाणी जात टिकत नाही, झिजते.

सख्ख्या भाऊ-बहिणीची जोडी लावली की पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के. बाप-लेकीची लावली तरी तेवढीच. दडलेले दोष असेच वर येतात, आणि पहिला फटका रूपाला बसत नाही, अंड्यांना बसतो. खुडूक कोंबडीखालची अंडी आठवड्याने अंधारात टॉर्चवर धरून बघा. काही वांझ, काहींत नुसतं रक्ताचं लाल कडं, म्हणजे जीव धरून थांबलेला. २१ दिवसांनी जी पिल्लं बाहेर येतात त्यांतही एखादं वाकड्या बोटांचं. मालक म्हणतो उकाडा होता, कोंबडी नीट बसली नाही. नर देखणा असतो, म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा तोच.

जात मिसळा असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या असीलमधून नर आणा, एवढंच म्हणणं आहे.

भायखळ्याचा शौकीन
गोराईकर, नातं लावल्याशिवाय ठेवण पक्की होत नाही. कुठल्याही नामांकित जातीचा इतिहास काढा, सुरुवात जवळच्याच जोड्यांनी झालेली दिसेल. इंग्रजांनी इथले असील नेले, ते आणि आणखी झुंजार कोंबडे मिळून कॉर्निश जात तयार झाली, आणि आज ब्रॉयलरच्या बापाकडच्या बाजूला त्याच कॉर्निशचं रक्त आहे. चिकनच्या दुकानातली ती रुंद छाती मूळ आपल्या पक्ष्याची. कुणीतरी पिढ्यान् पिढ्या घट्ट निवड करून ती धरून ठेवली होती, म्हणूनच ती परदेशी नेण्याच्या लायकीची झाली. बाहेरचा नर घातला की पहिल्याच पिढीत मान बारीक होते, गळ्याला लोळी येते, उभं राहण्याची ऐट जाते.

आणि आम्ही आई बघतो. नर कुणीही विकत आणेल, दम आईकडून येतो. म्हणून तलंग, म्हणजे तरणी मादी, आम्ही कुणाला देत नाही. पूर्वी झुंजीत लगेच कळायचं कोणाचं रक्त खरं. ती कसोटी गेली, आता ज्याला त्याला आपला पक्षी वाघ वाटतो.

परळची पशुवैद्य
"दम आईकडून" याला जनुकशास्त्रात आधार नाही. कोंबड्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. नर पिल्लाला एक झेड आईचं, एक बापाचं. मादी पिल्लाला झेड मिळतं ते फक्त बापाकडून. बाकीच्या गुणसूत्रांत दोघांचा वाटा अर्धा-अर्धा. अंड्याचा आकार आणि पिल्लाची सुरुवातीची तब्येत यांत आईचा हात मोठा असतो, हे खरं. म्हणून आई पारखून घेणं योग्यच, पण बाप कसाही चालेल हे चूक.

झुंजीबद्दल: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार ती लावणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहायला हवा. पण ती निवडीची कसोटी म्हणूनही कच्ची. जिंकलेल्या नरात खुराक किती, वय किती, सराव किती आणि रक्त किती, हे एका लढतीवरून वेगळं काढता येत नाही. वर सगळ्या माद्यांना तोच एक विजेता लावायचा, म्हणजे गोराईकरांनी सांगितलेला खड्डा आणखी खोल.

स्वभाव निवडीने बदलतो, आणि दोन्ही दिशांना. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युर यांनी एकेकटी कोंबडी न निवडता, ज्या पिंजऱ्यातल्या बहिणी मिळून जास्त जगल्या आणि जास्त अंडी घातली ते अख्खे गट पुढच्या पिढीसाठी निवडले. १९९६ मध्ये त्यांनी निकाल मांडला: पिंजऱ्यातल्या मरतुकीचं (एकमेकींना टोचून मारणं त्यातच आलं) वार्षिक प्रमाण दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होतं, ते चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आलं.

भायखळ्याचा शौकीन
डॉक्टरताई, त्या अंड्यांच्या कोंबड्या. असीलचा स्वभाव काढून घेतला तर उरलं काय? तुरा?

गोराईकर
काका, तुऱ्याचं बरं काढलंत. क्रॉफर्ड मार्केटात डोक्याला चिकटलेला, तीन ओळींचा बुटका तुरा दाखवला की गिऱ्हाईक असील म्हणून पैसे मोजतं. पण तो तुरा प्रभावी जनुकाचा. एकेरी तुऱ्याच्या गावठीशी जोडी लावली तरी पहिल्या पिढीत तुरा बुटकाच निघतो, फार तर जरा बेढब. त्या भावंडांची आपसांत जोडी लावली तर सरासरी चारांत एक एकेरी तुऱ्याचं. तुराही पुरावा नाही आणि झुंजही नाही. नोंदवही पुरावा. कुठलं पिल्लू कुणाचं, किती अंडी ठेवली, किती फुटली, किती जगली. पिल्लांच्या पायात रिंग घालायला कितीसा खर्च येतो?

मुलुंडचा पोल्ट्रीवाला
एवढा खटाटोप कशाला? कॅनडात ब्रॉयलरच्या १९५७, १९७८ आणि २००५ च्या वाणांना एकच खाद्य देऊन वाढवलं. ५६ दिवसांत सरासरी वजन भरलं ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. निवड म्हणजे ही. परसात असीलसारखाच पक्षी हवा तर इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं असीलच्या संकरातून निर्भीक नावाचा पक्षी काढलाय, तो घ्या. गटारीला गिऱ्हाईक जात विचारत नाही.

परळची पशुवैद्य
निर्भीक घ्या, चांगला आहे. पण संकराच्या पक्ष्यांची आपसांत पैदास केली की पुढची पिढी विस्कटते, तेव्हा पिल्लांसाठी दर वेळी पुन्हा संस्थेकडेच जायचं. आणि संस्थेनं तरी संकर कशातून करायचा, मूळ असीलच उरला नाही तर? त्या ४ किलोच्या ब्रॉयलरचे पायही बघा एकदा. स्वतःचं वजन घेऊन नीट चालता न येणारे पक्षी मी तपासलेत.

गोराईकर
शौकीनकाका, माझी सरळ मागणी आहे. असील पाळणारे तिघं एकत्र येऊ. माद्या ज्याच्या त्याच्याकडेच राहतील. तरणे नर मात्र दर पिढीला पुढच्या खुराड्यात जातील: माझे तुमच्याकडे, तुमचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे माझ्याकडे. बाहेरची जात शिरत नाही, तुमची तलंग तुमच्याकडेच, आणि भाऊ-बहीण एकत्र येत नाहीत.

भायखळ्याचा शौकीन
आणि नराबरोबर राणीखेत, कोंबड्यांचा तो जीवघेणा साथरोग, आला तर? रात्रीत खुराडं साफ होतं. मी ते बघितलंय.

परळची पशुवैद्य
आलेला नर तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, लसीकरण वेळेवर करा. तरी धास्ती वाटत असेल तर पक्षी नको, निरोगी कळपातली फलित अंडी बदला. त्यात धोका बराच कमी.

भायखळ्याचा शौकीन
अंडी दिली म्हणजे तलंगाही गेल्याच की त्यांच्याकडे. ते जमणार नाही. नराचं बघू. आधी गोराईकरांनी त्यांच्या माद्यांची वही इथे टाकावी. एकेरी तुऱ्याचं पिल्लू कधी निघालं असेल तर तेही लिहायचं.