तोडलेल्या झाडावरची सीतेची वेणी घरी आणावी का?

रानवाट (राजापूर):
वाडीमागचा जुना ऐन गेल्या आठवड्यात तोडला. आडवा पडला तेव्हा दिसलं, वरच्या फांदीवर सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, तीन गड्डे. करंगळीएवढी पांढरी मुळं सालीला अशी घट्ट धरून होती की ओढली तर तुटत होती. मग कोयत्याने सालीसकट सोडवली आणि घरामागच्या फणसाला काथ्याने बांधली. तोड होणारच असेल तर अशी ऑर्किडं उतरवून गावातल्या झाडांवर लावावीत, असं माझं म्हणणं.

सड्यावरची:
मला नाही पटत. तुमचे गड्डे जगतील, फुलतीलही. पुढे काय? एका बोंडात धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण एकीकडेही रुजण्यापुरत्या अन्नाची शिदोरी नसते. सालीवरची ठरावीक बुरशी भेटली तरच त्या रुजतात, आणि ती जुन्या रानात मिळते. शिवाय 'पडलेल्या झाडावरची' म्हणत माणसं उभ्या झाडांवरही चढतात. मे महिन्यात हायवेला विकायला मांडलेल्या वेण्या मी स्वतः पाहिल्यात.

आणि सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, हबे-आमरीचं काय करणार? तीही ऑर्किडच, पण जमिनीत वाढणारी. कातळावरच्या वीतभर मातीत तिचा कंद आठ महिने झोपलेला असतो, पावसात पांढरं फूल वर येतं. चिरेखाणीचा जेसीबी एकदा फिरला की संपलं. ती कुठल्या फणसाला बांधायची?

कलमवाला:
देवराई देवाची, तिथे कोणी कोयता लावत नाही. पण रान खाजगी आहे. पोरीच्या लग्नाला ऐन-किंजळच विकावे लागतात. झाड राखायचं तर मालकाच्या हातात काही पडायला हवं, त्यावर बोला.

रानवाट:
दादा, खरं आहे. पण ओळखच नसेल तर राखणार कोण? आसामात हेच फूल राज्यफूल आहे, बिहूला मुली केसांत माळतात. आमच्या वाडीत निम्म्यांना नावही माहीत नव्हतं. आता फणसाखाली येऊन बघतात.

सड्यावरची:
ओळख व्हावीच. पण तुमच्याकडे आसपास जुनं झाड उभं असेल तर गड्डे तिथे न्या, अंगणात नको. आणि पुढच्या वेळी कंत्राटदार यायच्या आधी फांद्या बघा. वेणीचं झाड वगळायला सांगता येतं.

रानवाट:
व्हाळाकडे, ओढ्यापाशी, एक किंजळ आहे, तो विकायचा नाही असं काकांनी कबूल केलंय. पाऊस लागायच्या आत दोन गड्डे तिकडे बांधतो. तिसरा फणसावरच राहू दे, आई रोज त्यावर पाणी शिंपडते.