जुन्या वायरिंगवर नवीन स्विच बसवताना: मदत हवी आहे

लाकडी केसिंग-कॅपिंगमधलं (भिंतीवरच्या झाकणवाल्या पट्टीतलं) वायरिंग आहे. रबरी वायर, वर सुती वेष्टण, अर्थिंग नाही. जुने टंबलर स्विच काढून मॉड्युलर बसवायचे आहेत. दोन गोष्टींवर अडलंय: स्विच बंद असतानाही होल्डरपाशी टेस्टर पेटतो, आणि वायर जरा हलवली की रबराचा भुगा पडतो. जिन्यातला टू-वे स्विचही बदलायचा आहे.

उत्तर १
आधी टेस्टरचं बघू. स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) असण्याची दाट शक्यता आहे. पण टेस्टर शेजारच्या वायरच्या इंडक्शननेही मंद पेटतो, म्हणून मल्टिमीटरने मोजा. बल्ब काढा, स्विच बंद ठेवा आणि मेन बोर्डाच्या न्यूट्रलपासून लांब वायर आणून स्विचची दोन्ही टर्मिनल तपासा. एकावर पूर्ण व्होल्टेज आलं तर स्विच फेजवर आहे. दोन्हीवर नाही आलं तर न्यूट्रलवर. बल्ब लावलेला असेल तर त्याच्यातून फेज परत येतो आणि फसगत होते.

मोजून झालं की पुढचं सगळं मेन बंद करून. नुसता फ्यूज काढून भागत नाही: जुन्या बोर्डांत न्यूट्रललाही फ्यूज असतो. तोच निघाला तर दिवा विझतो, वायर मात्र जिवंत राहते.

प्रश्नकर्ता
मोजलं. दोन्ही टर्मिनलवर काही नाही.

उत्तर १
मग स्विच न्यूट्रलवर आहे; बहुधा त्या सर्किटची फेज-न्यूट्रल अदलाबदल झाली आहे. तसं असेल तर सर्किट सुरू होतं त्या बोर्डावर दुरुस्त करा आणि त्याच सर्किटवरचे प्लगही तपासा. वायरच्या रंगावर विसंबू नका.

उत्तर २
रबराचा भुगा फक्त टोकाला पडत असेल आणि मागे ढील असेल, तर चांगला भाग येईपर्यंत कापा. ढील नसेल तर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला, पण ती तात्पुरती मलमपट्टी. नुसती टेप नको. उष्णतेने तिचा गोंद सुटतो. खरा निकाल मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) देतो: मेन बंद, बल्ब आणि सगळी उपकरणं काढलेली, स्विच चालू, फेज-न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट. १ मेगओमपेक्षा कमी आलं तर नवीन स्विचवर पैसे घालू नका, आधी वायरिंग बदला.

टू-वेमध्ये (एकच दिवा दोन जागांवरून) जुन्या स्विचच्या कॉमनची (तीनपैकी सामाईक टर्मिनलची) वायर काढण्याआधीच टेप लावून ओळखून ठेवा. नव्यात कॉमनची जागा वेगळी असू शकते, खूण बघूनच जोडा. उरलेल्या दोन उलटसुलट झाल्या तरी चालतं. कॉमन चुकला तर दिवा एका स्विचच्या ठराविक स्थितीतच दुसऱ्याने लागतो.

एका भोकात लूपच्या (एक आलेली, एक पुढे नेलेली) दोन वायर असतील तर दोन्ही ८-१० मिमी सोला, स्क्रू आवळून प्रत्येक वेगळी ओढून बघा. सैल राहिलेलीच पुढे तापते. अर्थिंग होईपर्यंत लोखंडी बॉक्स किंवा धातूची प्लेट टाळा, प्लॅस्टिकचीच वापरा.